तेरावा फर्मा

बाइंडरने आजवर हजारभर पुस्तकं वाचली होती, पण सगळी मधूनच. यात त्याचा दोष नव्हता, धंद्याचा होता. चार मोठे कागद एकात एक घालून दुमडले की सोळा पानं होतात. त्या सोळा पानांच्या जुडीला फर्मा म्हणतात, आणि हाडाच्या पट्टीने घडी बसवता बसवता जेवढं नजरेखालून जाईल तेवढं त्याचं वाचन. त्यामुळे त्याला लग्नं ठाऊक होती, पण जमली कशी ते माहीत नव्हतं. खून माहीत होते, खुनी नाहीत. एका कादंबरीत एक माणूस सबंध फर्माभर समुद्रात पोहत होता. तो किनाऱ्याला लागला की नाही हे बाइंडरला वीस वर्षांनंतरही कळलेलं नाही, आणि अजून कधी कधी जेवताना मध्येच त्याची आठवण येते.

याला अपवाद एकाच पुस्तकाचा. चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. शाळेनेही फारसा आग्रह धरला नाही. मामाने त्याला आपल्या बाइंडिंगच्या दुकानात घेतलं आणि शिवायला पहिलं पुस्तक दिलं ते एकशे चव्वेचाळीस पानांचं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका विधवेची गोष्ट. त्याने ते उलटं शिवलं. मामाने उसवायला लावलं. दुसऱ्या खेपेला तिसरा फर्मा पाचव्याच्या जागी गेला. मामाने पुन्हा उसवायला लावलं आणि सांगितलं, "आता वाचत वाचत शीव. गोष्ट अडली की समज, फर्मा चुकला." अशा रीतीने नाइलाजाने त्याने ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि संपलं तेव्हा दुकानाच्या मागे जाऊन रडला. मामाला वाटलं, बोटाला सुई लागली.

नंतर मामाने त्याला दुसरी युक्ती शिकवली. सगळे फर्मे मोजून, क्रमाने एकावर एक रचले की कण्यावरून पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढायची. नंतर शिवताना एखादा फर्मा गळला तर रेघ तिथे तुटलेली दिसते. ही युक्ती आल्यावर वाचायची गरज उरली नाही. ते एक पुस्तक मात्र बाइंडरने चांगल्या निळ्या कापडात बांधून कपाटात ठेवलं.

अभिजात वाङ्मय मंडळात तो आला अकरा वर्षांपूर्वी. आला म्हणजे पुस्तकं पोचवायला आला. मंडळ वाचायचं ती पुस्तकं जुनी, बाजारात न मिळणारी. कुठून तरी एक प्रत यायची, झेरॉक्सच्या दुकानाच्या दोघी बहिणी तिच्या सभासदागणिक एक अशा नकला काढायच्या आणि बाइंडर त्या बांधायचा. पहिल्यांदा तो गठ्ठा घेऊन आला तेव्हा चर्चा सुरू झाली होती. दंतवैद्य म्हणाले, "बसा जरा." तो बसला. पुढल्या महिन्यातही बसला. तिसऱ्या महिन्यात अध्यक्ष असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी नोंदवहीत त्याच्यासाठी 'साहाय्यक सभासद' असा नवा रकाना आखला, कारण बसलेल्या माणसाची नोंद नसणं त्यांना सहन होत नसे. साहाय्यक सभासदाला प्रत मिळत नसे आणि पुस्तक निवडायची पाळीही मिळत नसे. बाकी सगळे हक्क होते. म्हणजे खुर्च्या पुसायचा हक्क होता.

मंडळ भरायचं दंतवैद्यांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत. तिथल्या खुर्च्या भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या, एका रांगेत. त्यामुळे मंडळी एकमेकांशी वाद घालताना समोरच्या भिंतीवरच्या हिरड्यांच्या तक्त्याकडे बघून घालत. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चा आणि दुसऱ्या रविवारी पुढच्या पुस्तकाची निवड, अशी पद्धत होती. दोन्ही एकाच दिवशी केलं की भांडण होतं, असा अनुभव होता. निवड एकट्याची, पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याने कोपऱ्यातल्या, माशांच्या काचेच्या पेटीजवळ उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, आणि पुस्तकाचं नाव वहीत चढायचं. त्यावर कोणी हरकत घेत नसे. फक्त नियम चौथा पाळावा लागे: एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा घ्यायचं नाही.

यंदा एक जुने सभासद मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि त्यांची पाळी रिकामी पडली. मुख्याध्यापिकाबाई हिरड्यांकडे बघत म्हणाल्या, "पुढल्या महिन्याची निवड बाइंडरनी करावी. अकरा वर्षं झाली. त्यांच्यानंतर लिफ्ट इन्स्पेक्टर."

बाइंडर म्हणाला, "बरं." घरी येईपर्यंत तो बरा नव्हता. जिन्यात तो आपला मजला ओलांडून वर गेला.

त्याची बायको शिवणवर्ग चालवायची. नवऱ्याची शिवण तिने कधीच मान्य केली नव्हती, पाठीमागून टाके दिसतात म्हणून. पण बातमी ऐकून तिने हातातली कात्री खाली ठेवली. "तुमचं ते निळं पुस्तक?" तिने विचारलं.

"दुसरं कोणतं असणार?"

"मग पाच मिनिटं काय बोलणार?"

तो खरा प्रश्न होता. त्या दिवसापासून बाइंडर चालता बोलता भाषण रचू लागला. टेबलावर त्या वेळी काम होतं ते चालू महिन्याच्या पुस्तकाचं, दोन भावांच्या एका जाडजूड कादंबरीचं. एरवी त्याने घड्या घालताना दहा-वीस पानं चाळली असती. या वेळी डोळे कागदावर आणि तोंडात विधवा, घड्याळं, "सन्माननीय सभासदहो". सात प्रती रचल्या, शिवल्या, खळ लावली, पुठ्ठे चढवले. वेळेत पोचवल्या.

पहिल्या रविवारची चर्चा फार रंगली. कादंबरीतला धाकटा भाऊ मरणाला टेकलेला असतो आणि दूर राहणाऱ्या थोरल्याला निरोप पाठवतो. थोरला निरोप वाचून कागद खिशात घालतो. तिथे पान संपतं. पान उलटलं की धाकटा गेलेला असतो, आणि थोरला एका बाईसमोर बसून पाव आणि उकडलेलं अंडं खात असतो.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "दोन पानांमध्ये लेखकाने एक आख्खा मृत्यू गिळलाय. याला म्हणतात संयम." त्या अंड्याला त्यांनी 'निर्विकार न्याहारी' असं नाव दिलं. ती बाई कोण यावर दंतवैद्य पंधरा मिनिटं बोलले. त्यांच्या मते ती बाई नव्हतीच, ती थोरल्याची सदसद्विवेकबुद्धी होती. झेरॉक्सवाल्यांपैकी धाकटी बहीण म्हणाली, "मग अंडं कुणी उकडलं?" पण तो मुद्दा पुढे गेला नाही.

शेवटी लिफ्ट इन्स्पेक्टर बोलले. ते क्वचितच बोलायचे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टचे दोर तपासले होते, आणि तारेचा एक पदर तुटलेला दिसला की आख्खी इमारत पायी चालवली होती. ते म्हणाले, "मला हा माणूस पटला. बोलावलं म्हणून धावत गेला नाही. आणि त्याचं काही बिघडलंही नाही. शांतपणे खातोय." मग थांबून म्हणाले, "पुतणीला मी कालच सांगून टाकलं. येत नाही म्हणून."

सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ दोन तासांवरच्या गावात इस्पितळात होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने चारचौघांत यांना म्हटलं होतं, की तुला घरच्या माणसांपेक्षा लिफ्टची काळजी जास्त. त्यानंतर अबोला. आता भावाची मुलगी रोज फोन करत होती.

त्या शुक्रवारी बाइंडरने घड्या दाबायच्या लोखंडी वजनाखालून वह्या काढायला फळी उचलली, तर फळीखाली सात जुड्या होत्या. नीट घडी घातलेल्या, नीट दाबलेल्या, अजिबात न शिवलेल्या. वरच्या पानावर आकडा होता एकशे त्र्याण्णव. शेवटच्या पानावर दोनशे आठ. तेरावा फर्मा.

कण्यावर रेघ ओढली होती का, ते बाइंडरने आठवून बघितलं. ओढली नव्हती. त्या वेळी 'सन्माननीय सभासदहो'च्या पुढे काय यावं ते सुचत होतं आणि विसरायला नको म्हणून तो वाक्य लिहून घ्यायला उठला होता. वाक्य चांगलं होतं. पेन्सिलही तीच होती.

मग त्याने स्टुलावर बसून सोळाच्या सोळा पानं वाचली. थोरला कागद खिशात घालतो आणि तसाच उठून निघतो. दोन दिवस प्रवास करतो. धाकट्याच्या उशाशी बसतो, आणि दोघंही म्हातारे लगेच भांडायला लागतात. लहानपणी त्यांची बोट वाहून गेली होती, ती बांधायची कोण विसरलं यावरून. भांडता भांडता धाकट्याला हसू येतं, हसताना खोकला येतो, थोरला त्याला पाणी पाजतो. म्हणतो, "बरं, मीच विसरलो असेन." धाकटा म्हणतो, "असेन नाही. विसरलास." मग थोरल्याचा खुर्चीतच डोळा लागतो, आणि सकाळी धाकटा गेलेला असतो. भावजय म्हणते, "दोन दिवस उपाशी आहात, काहीतरी खाऊन घ्या." इथे तेरावा फर्मा संपत होता. चौदावा अंड्यापासून सुरू होत होता.

बाइंडरने सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"नाही. उलट संयम म्हणाले. प्रती मंडळाच्या कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे असते. दोन दिवसांत उसवून, घालून, परत शिवता येतील. कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि सांगितलंत तर?"

"तर पाळी गेली. स्वतःचं काम धड न करणाऱ्या माणसाला कोण निवडू देईल? अकरा वर्षं, गं."

बायको बराच वेळ बॉबिनवर दोरा गुंडाळत राहिली. "ते लिफ्टवाले काय म्हणाले होते म्हणालात?"

त्याने परत सांगितलं.

"मग उद्याच जा त्यांच्याकडे," ती म्हणाली. "भाषण पाठ करायला रविवारची सकाळ आहेच."

शनिवारी तो गेला. इन्स्पेक्टर चौथ्या मजल्यावर राहत. लिफ्ट बंद होती, कारण ती त्यांनी स्वतःच बंद करवली होती. बाइंडर धापा टाकत वर पोचला, तेव्हा पिशवीत तेरावा फर्मा होता आणि जिभेवर वाक्य तयार होतं. इन्स्पेक्टरांनी त्याला बसवलं, चहा दिला. स्वतः त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "उद्या तुमचा दिवस. कधी कुणाला सांगितलं नाही, पण मी दरवर्षी तुमचं नाव सुचवत होतो."

आता वाक्य बाहेर पडेना. तेवढ्यात फोन वाजला. इन्स्पेक्टरांनी उचलला, ऐकलं, आणि म्हणाले, "नाही म्हटलं ना, बाळ." फोन ठेवून ते कपाकडे बघत राहिले. बाइंडर उठला. पुस्तकांची खळ सुटलेली नाही ना, एवढंच विचारायला आलो होतो, असं म्हणाला आणि त्याने काढता पाय घेतला. चार मजले उतरताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की दुसऱ्या मजल्यावर तो कठडा धरून उभा राहिला. मामाच्या हातचा मार त्याने खाल्ला होता, पण असं कधी वाटलं नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत?" त्याने पिशवी खुंटीला अडकवली. तिने जेवायला वाढलं आणि जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. एरवी ती खाताना त्याच्या टाक्यांवर बोलायची. त्या दिवशी त्याला तेही चाललं असतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला बाइंडर माशांच्या पेटीजवळ उभा राहिला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. काखेत निळं पुस्तक होतं, हातात पिशवी होती. दंतवैद्यांनी घड्याळ लावलं. सातही जण समोरच्या भिंतीकडे बघू लागले.

"सन्माननीय सभासदहो," बाइंडर म्हणाला, आणि थांबला. मासे पेटीत एक चक्कर मारून आले. त्याने निळं पुस्तक पेटीच्या झाकणावर ठेवलं. "माझं पुस्तक, मागच्याच रविवारचं. दोन भावांचं."

मुख्याध्यापिकाबाईंनी नोंदवही उघडली. "नियम चौथा," त्या म्हणाल्या. "वाचलेलं पुस्तक पुन्हा नाही."

"ते वाचलेलं नाही, बाई. सोळा पानं माझ्या दुकानातच राहिली. सातही प्रतींतली. चूक माझी. रेघ ओढली नव्हती." आणि त्याने रांगेतून चालत एकेकाच्या मांडीवर एकेक फर्मा ठेवला.

मग दंतवैद्य म्हणाले, की आपल्याला आकड्यांत काहीतरी जाणवलं होतं, पण जुन्या कादंबऱ्यांत असं असतं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "पानांचे आकडे हा काही साहित्याचा भाग नाही." झेरॉक्सवाल्या बहिणींनी सांगितलं, आम्ही सगळं काढून दिलं होतं. ते खरंच होतं. बोलत बोलत त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळे गप्प झाले.

इन्स्पेक्टरांनी मात्र मांडीवरच्या पानांना हात लावला नव्हता.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. ते तक्त्याकडे नव्हे, बाइंडरकडे बघत होते, आणि त्यासाठी त्यांना मान वाकडी करावी लागत होती. "एकशे ब्याण्णवनंतर दोनशे नऊ. चाळीस वर्षं आकडेच तपासले आहेत मी. घरी दिसलं तेव्हाच समजलो, मध्ये काहीतरी गळलंय. म्हटलं, बरं झालं. नाही गेला, ते बरं झालं."

बाइंडर म्हणाला, "मलाही शुक्रवारी वाटलं होतं, कुणाला कळलं नाही ते बरं झालं. काल तुमच्याकडे हेच घेऊन आलो होतो. खळीचं विचारून परत गेलो."

"ते आलं होतं लक्षात. खळीसाठी कोणी चार मजले चढत नाही."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही काढून दाखवलं असतंत म्हणून."

दंतवैद्यांचं घड्याळ वाजलं, पाच मिनिटं संपली. इन्स्पेक्टरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला आणि एकशे त्र्याण्णवपासून वाचायला सुरुवात केली. ते सावकाश वाचायचे. बाकीच्यांचं होऊन गेलं तरी ते वाचत होते, आणि कोणी उठलं नाही. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी फर्मा घडीवर घडी जुळवून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि उभे राहिले.

"पोचला म्हणजे तो," ते म्हणाले.

"पोचला," बाइंडर म्हणाला.

"बस किती वाजता असते?"

धाकटी बहीण म्हणाली, सव्वाअकराला. ते गेले. दार बंद झाल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि निकाल दिला. पुस्तक अपुरं वाचल्यामुळे नियम चौथा मोडत नाही. पुढचा महिना सोळा पानांचा. बाइंडरची पाळी मात्र वापरली गेली, पुढची पाळी फेरी पुरी झाल्यावर. कोणी हरकत घेतली नाही. बाइंडरने पेटीवरचं निळं पुस्तक उचललं, त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला लागलेलं पाणी शर्टाला पुसलं आणि तो घरी गेला.

बायकोने दार उघडलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा. मला म्हणून दाखवा ते भाषण." त्याने जेवणाच्या टेबलाजवळ उभं राहून पाच मिनिटं भाषण केलं. विधवा आली, घड्याळं आली, उसवलेले टाके आले, मामा आला. बायको शेवटपर्यंत ऐकत होती. तिने एवढंच म्हटलं, की शिवण अजूनही पाठीमागून दिसते. त्याला खूप बरं वाटलं.

सोळा पानांवरची चर्चा तीन तास चालली. मंडळाच्या इतिहासात एवढी कधी चालली नव्हती. दंतवैद्यांनी सदसद्विवेकबुद्धी मागे घेतली. तिच्या जागी भावजय आली, आणि अंड्याचा प्रश्न सुटला. इन्स्पेक्टर त्या रविवारी नव्हते. पुढल्या रविवारी त्यांची निवडीची पाळी होती, तेव्हाही नव्हते. त्यांच्याऐवजी एक पाकीट आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते फोडलं, चष्मा लावला आणि उभ्या राहून, हजेरी घ्यावी तशा आवाजात, वाचून दाखवलं.

"सप्रेम नमस्कार. मला यायला जमणार नाही. माझ्या पाळीचं पुस्तक बाइंडर सांगतील ते. प्रती हातात आल्यावर सगळ्यांनी पानं मोजून घ्यावीत. भाऊ अजून आहे. आमच्याकडे बोट नव्हती, सायकल होती. कुलूप लावायला कोण विसरलं, यावर वाद चालू आहे."